वखारीच्या कोपऱ्यावरचा इलेक्ट्रॉन

हायड्रोजनचा अणू फळ्यावर काढणं म्हणजे जगातलं सगळ्यात सोपं काम. मध्ये एक ठिपका, त्याच्याभोवती एक गोल, गोलावर आणखी एक ठिपका. संपलं. शेंबडं पोरही डोळे मिटून काढेल. पण वाटाणा सरांनी नोकरीच्या शेवटच्या बावीस वर्षांत हा अणू एकदाही पूर्ण काढला नाही. मधला ठिपका काढायचे, गोल काढायचे आणि खडू खाली ठेवून हात झटकायचे. मग कुठल्यातरी बाकावरून हटकून आवाज यायचा, सर, इलेक्ट्रॉन राहिला. सर त्या मुलाच्या हातात खडू द्यायचे आणि खिडकीकडे पाठ करून उभे राहायचे. मुलांना वाटायचं, ही सरांची शिकवायची पद्धत. मुख्याध्यापकांनी तर एकदा सगळ्यांसमोर कौतुक केलं, मुलांना कसं सामील करून घेतात बघा म्हणून. कसलं सामील नि कसलं काय! त्या ठिपक्यापाशी माणसाचा हात पुढे सरकायचा नाही, म्हणून खडू दुसऱ्याकडे जायचा, एवढंच.

वाटाणा सर हे नाव अर्थातच मुलांनी ठेवलेलं. असली नावं ठेवण्यात मुलांचा हात कोण धरणार? तरुणपणी सर शर्टाच्या खिशात, पेनाच्या शेजारी, एक सुका वाटाणा ठेवून फिरायचे. बायकोने तो दोनदा धुण्यात भिजवला. तिसऱ्यांदा तिने ठणकावून सांगितलं की यापुढे खिशातून मोड आलेलं काही निघालं तर तो शर्ट ज्याचा त्याने धुवायचा. तेव्हा सर हसायचे. हसरा माणूस होता हो, आज सांगून कोणाला खरं वाटणार नाही.

नववीचा वर्ग, विषय अणूची रचना, म्हणजे सरांच्या अंगात यायचं. तो वाटाणा चिमटीत धरून ते वर्गभर फिरायचे. हे केंद्रक, म्हणायचे. यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दाटीवाटीने बसलेत, अणूचं जवळजवळ सगळं वजन इथेच. प्रोटॉनवर धन प्रभार, बाहेर फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनवर ऋण, आणि न्यूट्रॉन कोणाच्या अध्यात ना मध्यात. जितके प्रोटॉन तितका अणुअंक, आणि तितकेच इलेक्ट्रॉन, म्हणून अणू एकूण उदासीन. पहिल्या कक्षेत जागा दोघांनाच, दुसरीत आठ जणांना. सोडियमकडे इलेक्ट्रॉन अकरा. दोन बसले, आठ बसले, आणि अकरावा बिचारा तिसऱ्या कक्षेत एकटाच. त्याचं घरात मन ते कसं रमणार? क्लोरीनने नुसती हाक मारली की निघालाच. मुलं हसायची आणि सोडियमची संयुजा जन्मभर विसरायची नाहीत.

पण सरांना खरी चीड होती ती पुस्तकातल्या चित्राची. धादांत खोटं चित्र, असं ते पुस्तकाच्या तोंडावर म्हणायचे. चित्रात केंद्रक आणि इलेक्ट्रॉन कसे, भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजाऱ्यांसारखे! खरा अणू केंद्रकाच्या लाखपट मोठा. हा वाटाणा मैदानाच्या मधोमध ठेवला तर इलेक्ट्रॉन कुठे असेल? मैदानात नाही. फाटकापाशी नाही. चारशे मीटरवर, रस्ता ओलांडून, पाण्याच्या टाकीपलीकडे, लाकडाच्या वखारीच्या कोपऱ्यावर. आणि मधल्या एवढ्या जागेत काय? काही नाही. हवासुद्धा नाही.

नुसतं सांगून मुलांना ते पटत नाही, म्हणून सरांनी एक प्रयोग बसवला. शनिवारी सकाळची शाळा, शेवटचा तास. सगळा वर्ग मैदानात. मधोमध स्टुलावर वाटाणा. आणि एका मुलाला इलेक्ट्रॉन करून थेट वखारीच्या कोपऱ्यावर पाठवायचं. इलेक्ट्रॉनचा आकार इतका बारीक की मोजताच येत नाही, म्हणून त्या मुलाने मूठ मिटून छातीशी धरायची, आणि मुठीत काहीच नसायचं. मैदानाच्या कट्ट्यावर चढलं की लांबवर तो मुलगा ठिपक्याएवढा दिसायचा. मग सर म्हणायचे, आता बघा, हा वाटाणा आणि तो ठिपका, एवढाच अणू. बाकी सगळी पोकळी. मुलं गप्प व्हायची. बोलून ओरडून जी शांतता मिळत नाही ती या प्रयोगाने मिळायची. मग सर लाल रुमाल हलवायचे आणि तो इलेक्ट्रॉन धावत परत यायचा. दोन वर्षं हे छान झालं.

तिसऱ्या वर्षी इलेक्ट्रॉन व्हायला पहिल्या बाकावरची मुलगी उठली. वर्गाने तिचं नाव प्रश्नावली ठेवलं होतं, कारण तिला एका तासात पाच प्रश्न विचारल्याशिवाय चैन पडायचं नाही. हुशार म्हणजे इतकी हुशार, की सर आदल्या दिवशी घरी बसून तिच्या प्रश्नांची तयारी करायचे. मध्ये पोकळीच आहे तर बाकावर बसल्यावर आपण आरपार खाली का पडत नाही? सरांनी सांगितलं, तुझ्या अणूंचे बाहेरचे इलेक्ट्रॉन आणि बाकाच्या अणूंचे इलेक्ट्रॉन एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत. बरं, मग केंद्रक धन आणि इलेक्ट्रॉन ऋण, ओढ आहे, तर तो केंद्रकावर जाऊन का पडत नाही? सरांनी सांगितलं, त्याच्या ऊर्जेच्या ठरलेल्या पायऱ्या असतात आणि सगळ्यात खालच्या पायरीच्या खाली पायरीच नाही. तिने थोडा विचार केला आणि विचारलं की त्याला हे कळतं कसं. सर हसून म्हणाले, जा, तिथे उभी राहून बघ, आणि मी रुमाल हलवेपर्यंत जागा सोडायची नाही, इलेक्ट्रॉन आपली जागा सोडत नाही.

ती दप्तर खांद्याला अडकवून गेली. दिवस उन्हाळ्याचे, सव्वाअकराची वेळ. मुलं कट्ट्यावर चढली, लांबचा ठिपका बघितला, गप्प झाली. सरांचा हात रुमालासाठी खिशाकडे जातोय तोच शिपाई धावत आला. फोन आला होता. सरांचे वडील घरी कोसळले, शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलंय, असाल तसे या.  सर मुलांना म्हणाले, सुटलात, घरी जा. घंटाही झालीच. सरांनी स्कूटर काढली आणि निघाले.

दवाखान्यात वडील खाटेवर उठून बसले होते आणि चहात साखर कमी आहे म्हणून नर्सशी वाद घालत होते. पित्त झालं होतं त्यांना. पित्त! सकाळपासून उपाशीपोटी तीन वेळा चहा ढोसला की दुसरं काय होणार? त्यानंतर ते अकरा वर्षं जगले, ठणठणीत. आणि त्या अकरा वर्षांत सरांना बापाकडे सरळ बघता आलं नाही. म्हाताऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही की मुलगा आपल्यावर कशाने रुसलाय.

मुलीला वखारीच्या राखणदाराने बघितलं, पाच वाजता. शनिवारी दुपारी वखार बंद, तो आत झोपला होता. चहा प्यायला बाहेर आला तर कोपऱ्यावर शाळेची पोर पडलेली, अंग तव्यासारखं तापलेलं, आणि मूठ मिटलेली. वर्गातल्या मुलांना वाटलं होतं, सर तिला घेऊन येतील. तिच्या घरच्यांना वाटलं, जादा तास असेल. ऊन लागून ताप मेंदूत गेला. दोन महिने ती अंथरुणावर होती. बरी झाली, पण बापाने शाळेतून नाव काढलं. तो म्हणाला, एवढं शिकून हेच शिकवतात का, सांगितलं तर मरेपर्यंत उभं राहायचं. त्याला उत्तर द्यायला कोण जाणार होतं? सर एकदा तिच्या घरापर्यंत गेले. दारात चपला दिसल्या, आतून भांड्यांचा आवाज आला. ते तसेच परत फिरले.

शाळेत चौकशी झाली, म्हणजे व्हायची तशी झाली. मुख्याध्यापकांनी स्वतः मजकूर सांगितला आणि सरांनी लिहून सही केली. वडिलांच्या आजारपणाच्या धक्क्याने विद्यार्थिनीचा विसर पडला. विसर! सगळ्यांना पटलं. बाप दवाखान्यात म्हटल्यावर माणूस काय काय विसरेल? लोक उलट सरांचीच समजूत घालायला लागले.

आता जे सरांनी कोणालाही सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही, ते असं. दवाखान्याचा रस्ता वखारीवरूनच जातो. सर विसरले बिसरले काही नव्हते. कोपऱ्यावर ती उभी होती, मूठ छातीशी, तोंड शाळेकडे. सरांनी तिला नीट बघितलं. स्कूटर हळूही केली. आणि मनात आलं, थांबलो तर ही एक प्रश्न विचारणार, आणि हिच्या एका प्रश्नाला पाच मिनिटं. त्यांनी हात वर केला, जा आता, अशा अर्थाने, आणि पुढे गेले. जाईल की, शहाणी आहे. बस, एवढंच. बापाचा जीव जातोय असं वाटत असताना माणूस याहून काय वेगळं करेल, असं सरांनी स्वतःला शेकडो वेळा विचारलं. आणि शेकडो वेळा एकच उत्तर आलं, की तोंडाने दोन शब्द बोलायला पाच मिनिटं लागत नाहीत.

तेव्हापासून ती मुलगी त्यांच्या मागे लागली. भूतबित म्हणू नका, शास्त्राचा मास्तर तो, भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यातला नव्हे. शिवाय मुलगी जिवंत होती, तिचं भूत होणार कुठून? पण कुठेही मोकळी जागा आली, रस्ता सरळ लांब गेला, की त्याच्या टोकाला कोणीतरी उभं असायचं. मूठ छातीशी धरून. जवळ जावं तर कधी तो दिव्याचा खांब निघायचा, कधी छत्री टेकवून उभी असलेली बाई, कधी काहीच नाही. सर पावलं मोजायचे. दरवेळी पाचशे सव्वापाचशे पावलं भरायची, म्हणजे चारशे मीटर. वरच्या वर्गाला ते शिकवायचे की फळ्यावरचे गोल ही आपली सोय आहे. इलेक्ट्रॉन नेमका कुठे आहे ते सांगताच येत नाही, कुठे सापडण्याची शक्यता किती, एवढंच सांगता येतं, केंद्रकाभोवती सगळीकडे ढगासारखा. हे वाक्य बोलताना त्यांना घाम फुटायचा. मुलांना वाटायचं, सरांना पंखा लागतो.

त्यांनी घर बदललं. नवं घर अशा गल्लीत घेतलं जी तीस पावलांवर वळते, म्हणजे खिडकीतून लांबचं काही दिसायला नको. बायकोला वाटलं, गल्ली शांत आहे म्हणून घेतलं. गच्चीवर ते जात नसत. वखारीच्या रस्त्याने तर सव्वीस वर्षांत एकदाही गेले नाहीत, दवाखान्यात जायचं झालं तर बाजारातून मोठा वळसा घालून जायचे. शाळेतल्या लोकांनीही त्यांच्यासमोर तो विषय कधी काढला नाही. माणसं चांगली होती, त्यालाच खपली न काढणं म्हणतात. वाटाणा खिशातून गेला, नाव मात्र राहिलं.

निवृत्त होऊन चार वर्षं झाली आणि नात नववीत गेली. त्याच शाळेत. लेकीला कामावरून यायला उशीर होतो म्हणून नात शाळेतून आजोळी यायची, खाऊन पिऊन अभ्यास करायची. एका बुधवारी ती दप्तर फेकून नाचतच आत आली. शाळेतल्या नव्या विज्ञानाच्या बाईंना प्रयोगशाळेच्या कपाटात सरांची जुनी वही सापडली होती. त्यात तो मैदानातला प्रयोग, मापांसकट, आकृतीसकट. बाई अगदी खूश. येत्या शनिवारी तो प्रयोग पुन्हा करायचा, सरांना मानाने बोलवायचं आणि वाटाणा त्यांच्याच हातून स्टुलावर ठेवायचा. आणि इलेक्ट्रॉन कोण? नातच. तिने हात वर करून भांडून मिळवलं होतं.

सरांनी कप बशीत ठेवला. ते म्हणाले, उन्हाचं नको. नात म्हणाली, अहो आजोबा, बाई म्हणाल्यात दहा मिनिटांचं काम आहे, आणि तिथे वखारीत मोजणीबाई असतात ना, त्यांना बाईंनी सांगून ठेवलंय, त्या लक्ष ठेवणार आहेत. एवढं बोलून ती खायला काय आहे ते बघायला आत पळाली.

बायको भाजी निवडत होती. तिचा हात थांबला. नात लांब गेलीय याची खात्री करून ती हळू आवाजात म्हणाली,

"मोजणीबाई म्हणजे तीच. तुमची प्रश्नावली."

मग तिने सगळं सांगितलं. तो राखणदार मुलीच्या आजारपणात रोज तिच्या घरी जायचा, आपल्या दारात पोर पडली आणि आपण झोपलो होतो म्हणून त्याच्या जिवाला घोर लागला होता. पुढे ती अठराची झाल्यावर त्यानेच मालकाला गळ घालून तिला वखारीत लावलं. आधी पावत्या फाडायची, मग ओंडके मोजायला शिकली. आता तिच्या मापावर कोणी शब्द काढत नाही. बावीस वर्षं ती तिथेच आहे. घरात मांडणी करून घेतली तेव्हा फळ्यासुद्धा बायकोने तिच्याकडूनच आणल्या होत्या. सरांना विचारावंसं वाटलं, मग मला का नाही सांगितलंस. पण हे विचारायला तोंड लागतं.

सर रात्रभर तळमळले, पण त्यात सांगण्यासारखं काही नाही, तळमळणारी माणसं सगळी सारखीच दिसतात. सांगण्यासारखं एवढंच की पहाटे त्यांच्या मनाने पक्कं केलं. नातीला त्या कोपऱ्यावर उभी करायची असेल तर आधी आपण त्या कोपऱ्यावर जायचं, आणि जे खरं आहे ते त्या बाईच्या तोंडावर बोलायचं. विसरलो म्हणून सव्वीस वर्षं तिला जे ऐकवलं गेलं ते खोटं आहे, हे तिला कळायला हवं. मग ती काय म्हणायचं ते म्हणो. आणि नाही बोललो, तर शनिवारी मैदानात वाटाणा ठेवायला आपला हात उठणार नाही.

गुरुवारी दहा वाजता ते निघाले. टाकीपर्यंत पाय बरे चालले. टाकीच्या पुढे रस्ता सरळ झाला आणि टोकाला कोपरा दिसला. तिथे कोणी उभं नव्हतं. सव्वीस वर्षं जगातल्या प्रत्येक रस्त्याच्या टोकाला कोणीतरी उभं होतं, आणि नेमकी हीच जागा रिकामी! सरांना जास्तच भीती वाटली.

वखारीच्या आत भुशाचा वास होता, लाकूड कापायचा आरा चालू होता. ओंडक्यांच्या थप्प्या, प्रत्येक ओंडक्याच्या तोंडावर खडूने आकडे. पत्र्याच्या खोलीबाहेर बाकावर एक चाळिशीची बाई बसली होती, गळ्यात टेप, कानामागे खडू, चष्मा दोरीला. तिने वर बघितलं आणि लगेच उठून उभी राहिली, वर्गात मास्तर आल्यावर उठतात तशी.  हिला तू म्हणायचं की तुम्ही, हेच सरांना ठरवता येईना.

"या सर. उजवीकडे बसा, डाव्या कानाने मला ऐकू येत नाही. त्या तापापासून."

सर उजवीकडे बसले. तिने चहा मागवला. ती साधेपणाने बोलत होती, ओंडक्याचा घेर कसा धरायचा, वाकडं झाड आलं तर लांबी कुठून घ्यायची, ट्रकवाले कसे दोन बोटं माप चोरायला बघतात. शाळेची घंटा वाऱ्यावर इथपर्यंत येते, म्हणाली. सरांनी नातीचं विचारलं, अडखळत. ती म्हणाली, पाठवा तिला, काही काळजी करू नका, सावलीत उभी करते, पाणी देते, आणि रुमाल हलो न हलो, दहा मिनिटं झाली की हाताला धरून मी स्वतः शाळेत आणून सोडते. ती हे इतक्या सहज म्हणाली की सरांच्या छातीवरचा दगड उतरला. चहा गोड लागला. किती वर्षांनी!

आणि इथेच माणसाची परीक्षा असते. सगळं छान झालं होतं. तिने राग धरलेला दिसत नव्हता, नातीची सोय झाली होती, मागचं उकरून काढायची काय गरज, असं सरांचं मन त्यांना सांगायला लागलं. मन असल्या वेळी फार गोड बोलतं. सर उठले, येतो म्हणाले, चार पावलं चालले. ती त्यांना सोडायला बरोबर निघाली. फाटकापाशी सर थांबले आणि खाली बघत एका दमात बोलून गेले. मी विसरलो नव्हतो, वगैरे सगळं. बोलून झाल्यावर त्यांनी वर बघितलं. ती डोळे बारीक करून त्यांच्याकडे बघत होती. सर तिच्या डाव्या बाजूला उभे होते.

"या बाजूला या सर. आऱ्याच्या आवाजात काही कळलं नाही."

म्हणजे अजूनही सुटका होती. काही नाही, शनिवारी येतो, एवढं म्हणून निघता आलं असतं. सर तिच्या समोरून फिरून उजव्या बाजूला आले. 

"मी विसरलो नव्हतो तुला. स्कूटरवरून जाताना बघितलं होतं. थांबलो नाही. थांबलो असतो तर तू काहीतरी विचारलं असतंस, म्हणून."

आरा बंद झाला होता, त्यामुळे शेवटचं वाक्य फारच मोठ्याने ऐकू गेलं. थप्पीवर बसलेल्या दोन माणसांनी वळून बघितलं. तिने कानामागचा खडू काढला, हातात फिरवला, परत ठेवला.

"ठाऊक आहे, सर," ती म्हणाली. "तुम्ही स्कूटर हळू केलीत. माझ्याकडे बघून हात वर केलात."

सरांना वाटलं, आता ही चिडेल, रडेल, काहीतरी करेल. त्यासाठीच तर ते आले होते. पण ती आठवून आठवून, मापं सांगावीत तशी सांगत राहिली. शाळेची घंटा तिने ऐकली होती. मुलं फाटकातून बाहेर पडताना दिसली होती. रुमाल काही हलला नव्हता. तिला वाटलं, सर विसरले, आता निघावं. दप्तर उचलायला ती वाकलीसुद्धा होती. तेवढ्यात स्कूटर आली.

"तुम्ही हात केलात. मला वाटलं, थांब म्हणताय. सरांनी बघितलंय, म्हणजे त्यांच्या लक्षात आहे, म्हणजे अजून संपलेलं नाही." तिने चष्मा दोरीवर खाली सोडला. "तुम्ही खरंच विसरला असतात ना सर, तर मी जेवायला घरी गेले असते."

  विसरलो हे खोटं होतं, याचंच ओझं सर सव्वीस वर्षं वाहत होते. ते खोटं खरं असतं तर ही बाई आज डॉक्टर झाली असती, मास्तरीण झाली असती, निदान दोन्ही कानांनी ऐकत असती, हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. ते मेलं कोणाच्या डोक्यात येईल?

बाहेर ट्रकने भोंगा वाजवला. माल आला होता. तिने गळ्यातला टेप काढला, शनिवारी नातीला टोपी घालून पाठवा म्हणाली आणि ट्रककडे गेली. पहिल्या ओंडक्याला टेप गुंडाळून तिने आकडा ओरडून सांगितला, आणि कोणीतरी तो लिहून घेतला.

सर फाटकाबाहेर आले. ट्रकच्या खिडकीतून एक म्हातारा ड्रायव्हर वाकला. त्याची मुलं कधीतरी सरांच्या हाताखाली शिकली असावीत. त्याने हसून, ओळख दाखवायला, हात वर केला. सरांनी सवयीने उलट हात करायला उजवा हात उचलला, तो खांद्यापर्यंत आला, आणि मग त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरून खाली ओढला. ड्रायव्हरला वाटलं, सरांनी ओळखलं नाही. सर हात तसाच धरून रस्त्याच्या कडेने घरी गेले.